साठीनंतरची पहिली मालिका : रंगमंचावरच्या जुन्या नटानं तयारी कशी करावी?

अंत्रुजकर

आमच्या नाट्यमंडळातल्या एका ज्येष्ठ नटासाठी विचारतोय. वय ६३, सरकारी नोकरीतून निवृत्त. जत्रेतली, काल्यातली उत्सवी नाटकं आणि कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, दोन्हीकडे मिळून चाळीसेक वर्षांचं काम. कॅमेऱ्यासमोर मात्र आजवर एकदाही उभे राहिलेले नाहीत. एका दैनंदिन मराठी मालिकेसाठी मोबाइलवर ऑडिशन चित्रित करून पाठवली होती, ती पसंत पडली. आजोबांची भूमिका आहे. सेट ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्याला, आणि महिन्याला १२ दिवस काम असं तोंडी सांगितलंय. तीन आठवड्यांनी लुक टेस्ट (मेकअप-पोशाखात पात्र कसं दिसतं ते बघायची चाचणी), आणि तिच्या पाठोपाठ पहिलं शेड्यूल.

नाटकाला दोन-अडीच महिने तालमी लागतात, इथे सीन सकाळी हातात येतो म्हणतात. पाठांतराचं काय करायचं? आवाज आणि हालचाली किती कमी करायच्या? बोलण्यात फोंड्याकडचा हेल आहे, तो आड येईल का? करारात काय बघावं? मुक्काम गोव्यातच ठेवून हे जमतं का? आणि ज्या जुन्या कलाकारांनी टीव्हीवर दीर्घकाळ काम केलं, त्यांच्यातल्या कोणाचं काम त्यांनी मुद्दाम बसून बघावं?

तिसरी घंटा

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

दिलीप प्रभावळकर बघायलाच हवेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा चिमणराव घराघरांत पोचला. गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे. तो काळ कृष्णधवल चित्राचा आणि आठवड्याला एका भागाचा. तेच प्रभावळकर २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'त आबा झाले. १९४४ चा जन्म, म्हणजे आबांची भूमिका सुरू झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, तुमच्या नटापेक्षा सहा वर्षांनी लहान. म्हातारपण त्यांनी कुठून आणलं ते पाहा. पाठीत बाक काढून किंवा आवाज कापरा करून आणलेलं नाही. दुसरा बोलत असताना आबा ज्या तऱ्हेनं ऐकतात, उत्तर देण्याआधी जेवढा वेळ घेतात, खुर्चीतून उठायच्या आधी उठायचा विचार करतात, त्यात ते वय आहे. उत्सवी नाटकात म्हातारा उभा करताना काठी, खोकला आणि थरथर लागते, कारण मंडपातल्या शेवटच्या रांगेला ती दिसावी लागते. कॅमेरा हातभर अंतरावर असतो. तिथे ही थरथर खोटी पडते, आणि ६३ वर्षांच्या माणसाला तर तिची मुळातच गरज नाही.

बघण्याची पद्धत अशी ठेवा. एक भाग दोनदा लावा. दुसऱ्या वेळी आवाज बंद करून फक्त ज्या क्षणी आबा बोलत नाहीत ते क्षण पाहा. मालिकेतल्या आजोबांच्या वाट्याला संवादांपेक्षा ऐकणं जास्त येतं. घरातल्या सहाजणांच्या भांडणात ते सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले असतात आणि संकलकाला जिथे जोड लपवायचा असतो तिथे तो त्यांची प्रतिक्रिया टाकतो. ऐकता येणाऱ्या नटाचे शॉट वापरले जातात, म्हणून लेखकही त्याला पुढे वाक्यं देतो.

दुसऱ्या रोहिणी हट्टंगडी. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. म्हणजे वयाची पन्नाशी ते साठी एकाच पात्रात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, कस्तुरबांच्या भूमिकेसाठी जगभर नावाजली गेलेली नटी रोजच्या मालिकेत बारा वर्षं टिकते, तेव्हा तिच्याकडून शिकायची गोष्ट म्हणजे सातत्य. पात्राची चाल, बोलण्याचा वेग, डोक्यावरचा पदर सावरायची सवय हे सगळं आठशेव्या भागातही पहिल्यासारखंच जुळावं लागतं, आणि मधल्या काळात दिग्दर्शक, संवादलेखक बदलत राहतात. पात्राची स्मृती शेवटी नटाकडेच राहते. म्हणून एक वही पहिल्या दिवसापासून हवी: आजोबा कोणाला काय हाक मारतात, कोणत्या प्रसंगी कोणावर रागावले होते, औषधाची डबी कुठल्या खिशात ठेवतात.

आवाजाबद्दल विक्रम गोखल्यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. घशाच्या त्रासामुळे त्यांनी २०१६ मध्ये रंगभूमीवरून निवृत्ती घेतली, पण पडद्यावर ते नंतरही काम करत राहिले. माइकजवळ असलेल्या माध्यमात थकलेला घसा चालवता येतो, नाट्यगृहात येत नाही. त्यांचं बलस्थान म्हणजे विराम. तो कान देऊन ऐका, पण नक्कल करू नका. मालिकेत लांब विराम मोठ्या नटाचाच राखला जातो, नव्याचा संकलनात कापला जातो.

आणि आपल्या गोव्यातल्या म्हणून आशालता वाबगावकर. दि गोवा हिंदू असोसिएशनच्या 'मत्स्यगंधा'त १९६४ मध्ये त्या गायल्या, पुढे मराठी-हिंदी चित्रपटांत आणि मालिकांत ज्येष्ठ स्त्रीच्या भूमिका त्यांनी दशकानुदशकं केल्या. संगीत नाटकातून आलेला कलाकार कॅमेऱ्यासमोर गोडवा ठेवून सूर कसा खाली आणतो हे त्यांच्याकडे दिसतं. २०२० मध्ये साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणाच्या काळात त्यांना कोरोना झाला आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या, वय ७९. तब्येतीचा विषय म्हणूनच करारावर सही करण्याआधी काढायचा असतो. त्याबद्दल खाली कोणी जाणकार सविस्तर लिहील.

तीन नंबर कॅमेरा

तांत्रिक बाजू लिहितो. क्रम सेटवरच्या दिवसाचाच ठेवला आहे.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता एकवीस-बावीस मिनिटांचा मजकूर असतो आणि मालिका आठवड्याला सहा दिवस लागते. त्यामुळे युनिटला साधारण दिवसाला एक भाग या गतीनं चित्रीकरण करावंच लागतं. सीन कथेच्या क्रमानं होत नाहीत, जागेच्या क्रमानं होतात. आधी दिवाणखान्यातले सगळे, मग देवघरातले, मग अंगणातले. नातवाच्या अपघाताची बातमी ऐकून रडायचा सीन सकाळी, आणि त्याच्या आधी हसत चहा प्यायचा दुपारी, असं हमखास होतं. प्रत्येक सीनच्या कागदावर तीन गोष्टी पेन्सिलनं लिहून ठेवायच्या: याच्या आधी काय घडलं, मला काय माहीत आहे, मला काय अजून माहीत नाही. तिसरी बहुतेकजण विसरतात आणि आजोबा दोन भाग आधीच सगळं कळल्यासारखे बघतात.

पहिला प्रश्न सहायक दिग्दर्शकाला: किती कॅमेरे लागलेत आणि माझ्यावर कुठला? दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतील तर क्लोज (जवळून चेहऱ्याचा शॉट) पहिल्याच टेकला घेतला जातो, राखून ठेवण्यासारखं काही नसतं. एकच कॅमेरा असेल तर आधी मास्टर (सगळा सीन दाखवणारा रुंद शॉट) होईल, मग सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला), मग क्लोज; तोच सीन चार-पाच वेळा. अशा वेळी मास्टरमध्ये सगळं रडून मोकळं झालं की क्लोजला डोळे कोरडे. नाटकातला नट दर वेळी पूर्ण जीव ओततो, हा त्याचा गुण. इथे तो मापात वाटून द्यायचा असतो.

हातातल्या वस्तू फार घात करतात. मास्टरमध्ये 'बाळा' म्हणताना उजव्या हातानं कप उचलला असेल तर क्लोजमध्येही त्याच शब्दावर, त्याच हातानं, तेवढाच उचलायचा. नाही जमलं की शॉट जुळत नाही आणि संकलक दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कापतो, म्हणजे तुमचं वाक्य तुमच्या पाठीमागे ऐकू येतं. सुरुवातीच्या महिन्यात वस्तू कमीत कमी घ्याव्या. वर्तमानपत्र बरं, कप वाईट, जेवणाचं ताट सगळ्यांत वाईट. जेवणाच्या सीनमध्ये घास सुपारीएवढा घ्यायचा आणि वाक्याच्या आधी गिळून झालेला असावा, कारण तोच घास सात-आठ वेळा घ्यावा लागू शकतो. मधुमेह असेल तर गोड खायचा सीन आहे का हे सकाळीच विचारून ठेवा, पर्यायी पदार्थ करून मिळतो.

आवाज. लेपल माइक छातीच्या मधल्या हाडावर, हनुवटीपासून वीतभर खाली लावतात. नियम सोपा आहे: समोरचं पात्र जेवढ्या अंतरावर, तेवढाच आवाज. नाटकातला आवाज तिथे लावला तर तो फाटतो आणि ध्वनिमुद्रक पातळी खाली ओढून ठेवतो, मग पुढचं हळू वाक्य ऐकूच येत नाही. सीनमध्ये ओरडायचं असेल तर टेकच्या आधी त्याला सांगा आणि तालमीतही तेवढंच ओरडून दाखवा. छातीवर हात मारून बोलायची सवय इथे सोडावी लागेल. तो हात थेट माइकवर बसतो. तुळशीची माळ, जानवं, कडक इस्त्रीचं उपरणं यांची घासर ऐकू येते. माइकचा ट्रान्समीटर कमरेला असतो, आणि धोतरावर तो सरकतो. दोन इंच रुंदीचा स्वतःचा इलॅस्टिक पट्टा सदऱ्याच्या आत बांधला की प्रश्न मिटतो. आणि बाथरूमला जाताना माइक बंद करून घ्या.

हालचाल. जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिच्यावर न बघता थांबता यायला हवं. घरी दारापासून चार पावलांवर खूण करून, समोर बघत, बोलत येऊन थांबायचा सराव करा. पन्नास वेळा केलं की पाय मोजायला लागतात. खुणेवरून पाऊलभर पुढे गेलात की प्रकाश चुकतो नाहीतर मागच्या नटाचा चेहरा झाकला जातो. उठताना शरीर आधी पुढे झुकवून हळू उठा, कॅमेरामनला वर यायला वेळ लागतो. नाटकात प्रेक्षकांना पाठ दाखवायची नसते म्हणून नट सतत पाऊण वळून उभा राहतो. इथे थेट समोरच्याकडे बघून बोला, कॅमेरा जागा शोधून घेतो. क्लोजमध्ये समोरच्याच्या दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याच्या बाजूचा डोळा धरायचा. दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं की पडद्यावर बुबुळं नाचतात.

दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य चढवू नका. भांडणाचा सीन नाटकात तसाच रंगतो, पण क्लोज चालू असताना आवाज एकमेकांवर चढला की संकलनात तो टेक कापता येत नाही. केसाएवढी फट ठेवायची.

पाठांतराचे तीन आठवडे असे घालवा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एक अनोळखी दोन पानांचा प्रवेश, पाठ करायला अर्धा तास, लगेच मोबाइलसमोर म्हणायचा. शब्द रटत बसायचं नाही. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन शब्द आणि त्यावर माझ्या मनात काय उठतं, एवढी जोडी बांधायची. दुसऱ्या आठवड्यात वेळ वीस मिनिटं, आणि पाठ झाल्यावर दुसऱ्या कोणीतरी त्यातली दोन वाक्यं बदलून द्यायची. सेटवर हे रोजचं आहे, वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन येतो आणि वाक्य बदलतं. जुनं वाक्य जिभेवरून पुसणं हे नवं शिकण्यापेक्षा कठीण. तिसऱ्या आठवड्यात तोच प्रवेश हातात वस्तू घेऊन ओळीनं तीनदा चित्रित करा आणि तिन्ही शेजारी लावून हात जुळतात का बघा.

प्रॉम्प्टिंग मिळतं. पण त्याची सवय लागली की नजर त्या बाजूला जाते, प्रत्येक वाक्याआधी अर्धा सेकंद कान टवकारल्यासारखा चेहरा होतो, आणि प्रॉम्प्ट करणाऱ्याचा आवाज तुमच्याच माइकमध्ये शिरतो. लांबलचक बातमी किंवा श्लोक असेल तरच घ्यावं.

सीन व्हॉट्सअॅपवर येईल. साठीनंतर मोबाइलच्या अक्षरावर पाठांतर करायला जाऊ नका. प्रॉडक्शनला १८ पॉइंटात छापून द्यायला सांगा, देतात.

पिंपळपार

हेलाबद्दल.

फोंड्याकडच्या माणसाचं मराठी व्याकरणाला बहुधा पक्कं असतं, कारण ते शाळा, कीर्तन आणि नाटक यांतून आलेलं असतं. अडचण दुसरीच होते. ते फार लेखी असतं. 'मी जाऊन आलो आहे' असं आजोबा म्हणतात आणि नातू 'जाऊन आलोय' म्हणतो, की एकाच घरातली माणसं वाटत नाहीत. 'केलंय, जातोयस, म्हणालीस ना' ही आकसलेली रूपं जिभेला लावून घ्यावी लागतील. रोज अर्धा तास मोठ्यानं चालू संवाद वाचणं हा एकच उपाय आहे.

कोंकणीचा ठसा चार जागी उघडा पडतो. एक, वाक्याच्या शेवटी सूर वर जातो, विधानसुद्धा विचारल्यासारखं ऐकू येतं. दोन, 'अ' ओठ गोल करून उच्चारला जातो, 'घर' हे 'घॉर'च्या दिशेनं झुकतं. तीन, 'गं'च्या जागी 'गो', आणि वाक्याला 'मगो'चं शेपूट. चार, लहान मुलीसाठी कोंकणीतलं नपुंसकलिंग; नातीबद्दल बोलताना घाईत 'ती आली'चं 'तें आलें' होतं. पहिल्या दोन गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकल्या तर महिनाभरात पुष्कळ सुधारतात. पूर्ण पुसायच्या मागे लागू नये. घासून घासून सपाट केलेलं बोलणं कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतं, आणि आजोबांच्या तोंडी थोडा दक्षिणेकडचा हेल शोभून दिसतो. लुक टेस्टच्या वेळीच विचारून घ्या की पात्र मूळचं कुठलं. कोकणातलं म्हणाले तर हाच हेल भांडवल आहे.

मात्र कोकणातलं म्हणजे मालवणी अपेक्षित आहे का हे स्पष्ट करून घ्या. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित होऊ लागली आणि तेव्हापासून मालवणी सूर मालिकांत रुळला. गोव्याच्या माणसाला वाटतं, ही तर आपलीच बोली. जवळची आहे, पण आपली नाही. आपण 'म्हाका' म्हणतो तिथे मालवणीत 'माका', आपल्या 'आयलो'च्या जागी 'इलो'. पेडणे ओलांडलं की ऐकणाऱ्याला हा फरक पहिल्या वाक्यात कळतो. सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाकडून संवाद वाचून घ्यावेत.

अंत्रुजकर

भरपूर मिळालं, सगळं छापून त्यांच्या हातात देतोय. दोन गोष्टी राहिल्या. त्यांना जवळचा चष्मा आहे आणि पांढरी मिशी आहे. डिसेंबरात गावच्या जत्रेच्या नाटकात त्यांची राजाची भूमिका ठरलेली आहे, त्यात मिशी काळी लागते. ते नाटक ते सोडणार नाहीत, आणि सोडावं असं आम्हालाही वाटत नाही.

वहीखाते

करार आणि पैसे.

'महिन्याला १२ दिवस' हे तोंडी आहे तोवर त्याला किंमत नाही. करारात 'किमान १२ दिवस' आणि 'कमी दिवस वापरले तरी १२ दिवसांचं मानधन' अशी दोन्ही वाक्यं हवीत. निर्माते दुसरं वाक्य सहसा मान्य करत नाहीत. मग निदान आठ-दहा दिवसांची हमी मागा, आणि तेवढीही नसेल तर बाकीच्या कामांवरचं बंधन काढून घ्या. दिवसाची हमी नाही आणि दुसरीकडे काम करायलाही मनाई, अशा कागदावर सही करू नये.

मानधन 'पर डे' आहे की महिन्याचं. दिवस म्हणजे कॉल टाइमपासून (सेटवर बोलावल्याच्या वेळेपासून) १२ तास की मेकअप झाल्यापासून. त्यावर जादा तास कसे धरणार. डबिंगचा दिवस अर्धा की पूर्ण. येण्याजाण्याचं भाडं आणि मुक्काम कोणाचा. हे सगळं कागदावर हवं. गोव्यातून येणाऱ्याचा मुक्कामाचा खर्च मानधनाचा मोठा हिस्सा खातो, म्हणून आकडा ठरवताना तोच विषय आधी काढा. युनिटनं राहायची सोय केली तर कमी मानधनही परवडतं.

पैसे उशिरा येतात. या धंद्यात ९० दिवसांची मुदत सर्रास आहे, आणि ती काम केल्या दिवसापासून नाही, महिना संपून बिल दिल्यापासून मोजतात. जूनमध्ये काम केलं, ३० जूनला बिल दिलं, तर रक्कम सप्टेंबरअखेर. तोवर जुलै-ऑगस्टचं कामही खिशातूनच करायचं. चार महिन्यांचा प्रवास, जेवण, औषधं एवढी रक्कम बाजूला काढून मगच सुरुवात करावी. पेन्शन असलेल्या माणसाला हे सोसतं. तरुण मुलं इथेच मोडतात.

बिल कोणी मागितलं नाही तरी दर महिनाअखेर द्यायचं आणि ईमेलवर द्यायचं. रोजची नोंद ठेवा: तारीख, कॉल टाइम, सेटवर पोचल्याची वेळ, सुटल्याची वेळ, सीन नंबर, आणि प्रॉडक्शनच्या माणसाची बारीक सही. दिवस मोजताना वाद झाला तर कामी येते ती ही वही. मानधनातून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का हे आयकर पोर्टलवर तिमाहीला तपासा, कापला पण भरला नाही असं होऊ शकतं. वर्षाची व्यावसायिक जमा २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

बाहेर पडायची वाट दोन्ही बाजूंनी सारखी हवी, ३० दिवसांची सूचना. ज्येष्ठ पात्राला मालिकेत अचानक मृत्यू येतो किंवा ते काशीला जातं, आणि नटाला ते आदल्या दिवशी कळतं. सूचनेचं कलम असेल तर निदान त्या महिन्याचे ठरलेले दिवस पदरात पडतात.

'अन्य कामास मनाई' या कलमात 'रंगभूमी वगळून' हे दोन शब्द घालून घ्या, आणि जत्रेच्या तारखा करारासोबतच्या पत्रात आत्ताच लिहून द्या. तीन दिवस: एक रंगीत तालमीचा, एक प्रयोगाचा, एक परतीचा. सही झाल्यावर मागितलेली सुट्टी उपकार म्हणून मिळते, आधी लिहिलेली हक्कानं.

सेटवरच्या अपघाताचा विमा निर्मात्याकडे आहे का आणि त्यात हंगामी कलाकार धरलाय का, हे विचारा. स्वतःच्या आरोग्यविम्याची ठाण्यातली कॅशलेस रुग्णालयं कोणती, ती यादी काढून ठेवा. आणि एक खूणगाठ: नोंदणी, कार्ड, पोर्टफोलिओ, पोशाखाची अनामत अशा कुठल्याही नावानं कोणी पैसे मागितले तर ते काम खरं नाही. काम देणारा पैसे घेत नाही.

तीन नंबर कॅमेरा

मिशीचं. मालिकेत तिचा रंग बदलता येणार नाही आणि काढता तर मुळीच येणार नाही. जत्रेच्या नाटकासाठी कलप लावू नका, तो पांढऱ्या केसांवरून आठवडाभर पूर्ण जात नाही, पिवळट छटा राहते आणि क्लोजमध्ये दिसते. पाण्यानं धुतला जाणारा काळा रंग किंवा मस्करा ब्रशनं लावा, प्रयोगानंतर खोबरेल तेल चोळून साबणानं दोनदा धुवा. राजाची मोठी मिशी हवी असेल तर तीही स्वतःच्या मिशीवर स्पिरिट गमनं चिकटवू नका, काढताना केस तुटतात. मिशीचाच आकार रंगवून मोठा करा. लुक टेस्टच्या दिवशी मिशीचा आणि केसांचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि दर पंधरवड्याला त्याच लांबीवर कापून घ्या. न्हावी बदलू नका.

चष्मा पात्रालाच देता येतो का विचारा, आजोबांना शोभतो. काचांवर परावर्तन कमी करणारं कोटिंग करून घ्या, नाहीतर दिवे काचेत दिसतात. नुसती फ्रेम घालू नका, काच नाही हे जवळून कळतं. एकसारखे दोन चष्मे करा. एकच असला आणि तुटला तर त्या दिवशीचे सगळे सीन अडकतात.

कोकणकन्या

प्रवासाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

गोव्यातच चित्रीकरण मिळेल या भरवशावर राहू नका. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा मराठी-हिंदी मालिकांची युनिटं गोव्यात आली होती, पण मे महिन्यात इथल्याही परवानग्या थांबल्या. दैनंदिन मालिकेचं घर ठाणे-मुंबईच्या पट्ट्यातच.

मडगावहून रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस पहाटे ठाण्याला उतरवते, घोडबंदर रस्त्यासाठी तेच स्टेशन. पण तीच गाडी पकडून सकाळी सातच्या कॉलला जायचं नाही. रात्रभराच्या प्रवासानं डोळ्यांखाली सूज येते, ती मेकअपनं झाकत नाही, आणि गाडी दोन तास रखडली तर अख्खं युनिट खोळंबतं. आदल्या दिवशी पोचायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, वंदे भारतचे दिवसही कमी होतात. जून ते ऑक्टोबर हे लक्षात घ्या.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सेटच्या तारखा दोन-तीन दिवस आधी कळतात. म्हणून प्रॉडक्शनला एकच गोष्ट आग्रहानं सांगायची: १२ दिवस सलग सहा-सहाच्या दोन फेऱ्यांत द्या. सुटे दिवस दिले तर महिन्याला पाच-सहा फेऱ्या होतात आणि ६३ व्या वर्षी त्या अंगावर येतात. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी सकाळी उघडतं, एसीसाठी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, खर्च मांडताना ती धरू नका.

रक्तदाबाची गोळी, जेवणाची वेळ आणि गुडघ्यांचं दुखणं पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरला लेखी द्या. टेक चालू असताना आवाजामुळे पंखे बंद ठेवतात. घाम येतो आणि पाणी प्यायचं राहून जातं, बाटली खुर्चीखाली हवी. मेकअपची खोली तळमजल्यावर मागून घ्या.

अंत्रुजकर

दोन फेऱ्यांचं आजच फोनवर बोललो. सहा-सहा दिवसांना ते तयार आहेत, तसं ईमेलवर लिहून पाठवतो म्हणाले. जत्रेचे तीन दिवसही त्याच ईमेलमध्ये घालायला सांगितलंय. मिशीचे फोटो उद्या काढतो.